नाव कोरलेली लष्करी सद्वर्तन पदके कशी ओळखावीत, त्यांचा शोध कसा घ्यावा आणि ती कशी जपावीत

कोल्हापूर जिल्ह्यातल्या कितीतरी घरांत एखादी पत्र्याची ट्रंक असते आणि तिच्या तळाशी, पेन्शनच्या कागदांखाली, फडक्यात गुंडाळलेले एखादे चांदीचे मेडल असते. ते कशाबद्दल मिळाले असे विचारले, तर पणजोबांनी लढाईत काहीतरी पराक्रम केला असणार, असे उत्तर बहुधा मिळते. पदक नीट पाहिले की अनेकदा दिसते की ते शौर्याचे नाही. ते दीर्घ सेवा आणि सद्वर्तन यांसाठी दिलेले आहे. तेवढ्यानेच काही जणांचा उत्साह मावळतो आणि पदक पुन्हा ट्रंकेत, किंवा त्याहून वाईट म्हणजे मोडीच्या चांदीत जाते. माझे मत नेमके उलटे आहे. शौर्यपदक एका दिवसाची साक्ष देते. सद्वर्तन पदक सांगते की या माणसाने वीस वर्षे पलटणीत काढली आणि त्या वीस वर्षांत त्याच्या नावावर डाग लागला नाही. ज्या शिपायाबद्दल इतर कोणताही कागद उरलेला नाही, त्याच्या आयुष्याचा सांगाडा या एका पदकावरून उभा करता येतो. तो कसा उभा करायचा, हे या लेखात क्रमाने मांडले आहे.

आपल्या हातात काय आहे?

ब्रिटिश सैन्यात दीर्घ सेवा आणि सद्वर्तन पदक १८३० साली चौथ्या विल्यम राजाच्या काळात सुरू झाले. हिंदी सैन्यातील हिंदी शिपायांसाठीचे स्वतंत्र पदक मात्र १८८८ साली आले, आणि कोल्हापूर परिसरातल्या घरांत सापडतात ती बहुतेक याच प्रकारची असतात. वीस वर्षांच्या निष्कलंक सेवेनंतर ते मिळत असे. त्याच वर्षी हवालदार, दफेदार (घोडदळातला हवालदार) आणि त्यांच्या बरोबरीच्या हुद्द्यांसाठी मेरिटोरियस सर्व्हिस मेडल हे दुसरे पदकही सुरू झाले, ज्यासाठी किमान अठरा वर्षांची सेवा लागे. ही दोन्ही पदके दिसायला इतकी सारखी आहेत की घरच्यांकडून, आणि घाईत असलेल्या संग्राहकांकडूनही, त्यांची गल्लत होते.

फरक मागच्या बाजूवर आहे. दोन्हींच्या मध्यभागी पानांच्या वलयात इंग्रजीत ‘इंडिया’ हा शब्द असतो आणि काठाने कमळाची फुले व पाने फिरलेली असतात. वलय आणि कमळे यांच्या मधल्या जागेत जे इंग्रजी शब्द आहेत ते वाचावेत: ‘फॉर लाँग सर्व्हिस अँड गुड कंडक्ट’ असे असेल तर ते सद्वर्तन पदक, ‘फॉर मेरिटोरियस सर्व्हिस’ असे असेल तर दुसरे. पुढच्या बाजूला राजा किंवा राणीचे मुख असते आणि जुन्या पदकांवर त्याभोवती ‘कैसर-इ-हिंद’ ही पदवी असते.

स्वातंत्र्यानंतरही भारतीय सैन्यात याच नावांची दोन पदके चालू राहिली. मेरिटोरियस सर्व्हिस मेडल हवालदारांसाठी आणि दीर्घ सेवा व सद्वर्तन पदक त्याखालच्या हुद्द्यांसाठी. त्यांच्या शोधाची पद्धत थोडी वेगळी आहे, तिच्याकडे पुढे येऊ. इंडियन ऑर्डर ऑफ मेरिट आणि १९०७ साली सुरू झालेले इंडियन डिस्टिंग्विश्ड सर्व्हिस मेडल ही शौर्याची आणि विशेष कामगिरीची पदके आहेत. ‘मेरिट’ हा शब्द दिसला म्हणून मेरिटोरियस सर्व्हिस मेडलला ऑर्डर ऑफ मेरिट समजू नये. विक्रेते कधी अजाणता आणि कधी जाणूनबुजून ही चूक करतात.

कड वाचणे

या संपूर्ण छंदाचा प्राण पदकाच्या कडेत आहे. सपाट बाजू टांकसाळीत हजारोंनी सारख्या छापल्या जातात. कडेवरची ओळ मात्र एकाच माणसाची असते. त्या ओळीत साधारणपणे शिपायाचा क्रमांक, हुद्दा, नाव आणि पलटण एवढे असते, सारे इंग्रजी अक्षरांत आणि बरेचसे संक्षेपात.

वाचण्यासाठी दुपारची तिरपी उन्हे किंवा एका बाजूने धरलेली विजेरी पुरते. सरळ प्रकाशात झिजलेली अक्षरे दिसत नाहीत. तिरप्या प्रकाशात त्यांची सावली पडते. पदक हळूहळू फिरवत कडेची पाच-सहा छायाचित्रे घ्यावीत, प्रत्येकात आधीच्या छायाचित्रातली एक-दोन अक्षरे आली पाहिजेत. मग वहीत ती ओळ जशीच्या तशी, टिंबासकट, स्पेलिंगच्या चुकीसकट उतरवावी. वाचता न आलेल्या अक्षराच्या जागी आडवी रेघ द्यावी. अंदाजाने अक्षर भरू नये. एकदा अंदाज लिहिला की पुढच्या सगळ्या शोधात तोच खरा वाटू लागतो.

स्पेलिंगबद्दल थोडे विस्ताराने सांगायला हवे, कारण शोध घेणारे बहुतेक जण इथेच अडतात. पलटणीतला कारकून नाव कानाने ऐकून इंग्रजीत लिहीत असे. त्यामुळे जाधव या आडनावाच्या शेवटी ‘व्ही’ऐवजी ‘ओ-डब्ल्यू’ येते, पांडू आणि बापू यांच्या शेवटी दोन ‘ओ’ येतात, मोहिते यांच्या शेवटी ‘ई-वाय’ लागते, आणि आपल्याकडचे पोवार हे ‘पॉवर’ या इंग्रजी शब्दासारखे दिसतात. ओळ मोठ्याने वाचून पाहावी, तीही एखाद्या परक्या माणसाने मराठी नाव उच्चारावे तशी. डोळ्यांना न उलगडलेले नाव पुष्कळदा कानाला उलगडते. जुन्या पदकांवर वडिलांचे नाव बहुधा नसते, त्यामुळे एकाच पलटणीत त्याच नावाचे दोन-तीन शिपाई असू शकतात आणि त्यांना वेगळे ओळखण्याचे काम क्रमांक करतो. मात्र पूर्वी प्रत्येक पलटण आपापले क्रमांक देत असे, म्हणून पलटणीशिवाय नुसत्या क्रमांकाला अर्थ नाही.

नावातून कधी कधी समाजाचा इतिहासही हाती लागतो. जुन्या मुंबई सैन्यात महार शिपाई मोठ्या संख्येने होते आणि त्यांच्या नावांच्या शेवटी ‘नाक’ हे पद येते; भीमा कोरेगावच्या स्तंभावरही अशी नावे आहेत. १८९०च्या दशकाच्या आरंभी महारांची भरती बंद झाली आणि पहिल्या महायुद्धात, १९१७ साली, १११वी महार पलटण उभी राहिली तेव्हाच ती दारे पुन्हा उघडली. म्हणजे भरतीबंदीपूर्वी दाखल झालेल्या एखाद्या महार शिपायाला वीस वर्षे पुरी होऊन सद्वर्तन पदक मिळाले असेल, तर ते साधारण १८८८ ते १९१२ या काळातलेच असणार. ज्यांच्यासाठी फौजेची दारे लावून घेतली गेली होती, त्यांच्यापैकी एकाच्या वीस वर्षांच्या निर्दोष नोकरीची ही सरकारी कबुली आहे. असे पदक हाती आले तर ते सर्वांत जास्त जपावे.

नाव खरे की मागून घातलेले?

अक्षरे दोन प्रकारे उमटवलेली असतात. एका प्रकारात कारागीर टोकदार हत्याराने ती कोरतो. व्हिक्टोरिया राणीच्या आणि सातव्या एडवर्डच्या काळातल्या पदकांवर वळणदार, लिहिल्यासारखी कोरलेली अक्षरे वारंवार दिसतात. दुसऱ्या प्रकारात एकेका अक्षराचा ठसा ठोकलेला असतो. ही अक्षरे ठाशीव, सारख्या उंचीची असतात. त्यामुळे जुन्या पदकावरचे कोरीव नाव पाहून लगेच संशय घेऊ नये.

संशय घ्यावा तो कडेच्या आकाराचा. मूळ नाव कानशीने घासून दुसरे घातले असेल, तर कडेचे धातू कमी झालेले असते. या पदकांचा व्यास ३६ मिलिमीटर असतो. व्हर्नियर कॅलिपरने चार दिशांनी माप घ्यावे. आपल्या उद्यमनगरात तर कोणत्याही लेथच्या कारखान्यात तो सापडतो आणि मापे घेणारा जाणकार हातही सापडतो. एका दिशेला माप लक्षणीय कमी भरले किंवा कड मध्येच सपाट लागली, तर तिथे कानस फिरलेली आहे असे समजावे. ओतीव नकलेचा पृष्ठभाग भिंगाखाली बारीक खड्डेदार दिसतो, मुखावरच्या केसांच्या रेषा मऊ झालेल्या असतात आणि कडेवर साच्याची जोडरेघ कधीकधी उरलेली असते. कस लावून चांदी खरी ठरली म्हणजे पदक खरे ठरत नाही, कारण नक्कलही चांदीची असू शकते. आणि कसासाठी कड घासणे म्हणजे पुरावाच घासणे होय.

माझ्या संग्रहातले पहिले सद्वर्तन पदक मी कोल्हापूरच्या सराफ बाजारात, गुजरीत, मोडीत निघालेल्या चांदीतून घेतले. काळवंडलेले होते म्हणून ते चकचकीत करून द्यायला मी एका कारागिराला सांगितले. त्याने आपले काम मनापासून केले. परत आले तेव्हा पदक आरशासारखे चमकत होते आणि कडेवर क्रमांक व अर्धे नाव एवढेच उरले होते. पलटण कायमची गेली. तो शिपाई कोण होता, हे आता कधीही कळणार नाही. त्याची खंत मला आजही आहे, आणि म्हणूनच सांगतो: पदक कधीही पॉलिश करू नये. चिंच, राख, टूथपेस्ट, यंत्रावरचा बफ, यांपैकी काहीही नाही. काळवंडलेली चांदी निरोगी असते.

कालखंड बांधणे

कडेवरची पलटण आणि पुढच्या बाजूचे मुख या दोन गोष्टी एकत्र वाचल्या की काळाची दोन टोके मिळतात. मुखाचे गणित सोपे आहे: व्हिक्टोरिया म्हणजे १८८८ ते १९०१, सातवा एडवर्ड १९०१ ते १९१०, पाचवा जॉर्ज १९१० ते १९३६, सहावा जॉर्ज १९३६ च्या अखेरीपासून १९४७ पर्यंत. नवा राजा आल्यावर जुना साठा काही काळ वापरला गेला असेल, हे ध्यानात ठेवून एक-दोन वर्षे सैल धरावीत.

पलटणींच्या नावांसाठी दोन वर्षे पाठ असावीत: १९०३ आणि १९२२. १९०३ साली मुंबई सैन्यातल्या पायदळ पलटणींच्या जुन्या क्रमांकात शंभर मिळवले गेले, म्हणून तिसरी बॉम्बे इन्फंट्री ही १०३वी मराठा लाइट इन्फंट्री झाली, पाचवी १०५वी, दहावी ११०वी, चौदावी ११४वी, सोळावी ११६वी आणि सतरावी ११७वी. १९२२ साली या सहांना एकत्र करून पाचवी मराठा लाइट इन्फंट्री ही रेजिमेंट बनली: १०३ ही तिची पहिली बटालियन, १०५ दुसरी, ११० तिसरी, ११६ चौथी, ११७ पाचवी, आणि ११४ ही बेळगावची प्रशिक्षण देणारी दहावी बटालियन.

आता एक उदाहरण सोडवू. कडेवर ‘११० मराठा एल. आय.’ आहे आणि पुढे सातव्या एडवर्डचे मुख आहे. ११० हा क्रमांक १९०३ पूर्वी नव्हता आणि एडवर्ड १९१० साली वारला. म्हणजे पदक १९०३ ते १९१० या काळातले. त्यातून वीस वर्षे वजा केली की शिपाई १८८३ ते १८९० च्या सुमारास भरती झाला आणि तो ज्या पलटणीत दाखल झाला तिचे नाव तेव्हा दहावी बॉम्बे इन्फंट्री होते. भरतीच्या वेळी तो अठरा-वीस वर्षांचा असेल असे धरले, तर जन्म १८६३ ते १८७२ च्या आसपास येतो. त्याच पलटणीच्या पदकावर पाचव्या जॉर्जचे मुख असते, तर पदक १९१० ते १९२२ मधले ठरले असते आणि मग आणखी एक प्रश्न उभा राहिला असता: १०३, ११० आणि ११७ या तिन्ही पलटणी मेसोपोटेमियात (आजच्या इराकमध्ये) कुत-अल-अमारा येथे वेढ्यात अडकल्या होत्या आणि २९ एप्रिल १९१६ रोजी तिथल्या फौजेने शरणागती पत्करली. आपला शिपाई त्या वेढ्यात होता, की पेन्शनीत निघून गेला होता? पुढचा शोध कोणत्या कागदांकडे न्यायचा, ते या प्रश्नाच्या उत्तरावर ठरते.

फितीवरूनही काळ सांगता येतो, कारण १९१७ पर्यंत सद्वर्तन पदकाची फीत नुसती किरमिजी होती आणि त्यानंतर तिला पांढऱ्या कडा आल्या. पण फिती फाटतात, बदलल्या जातात, म्हणून हा पुरावा दुय्यम मानावा.

गावापर्यंत पोहोचणे

कडेवर गाव नसते. गाव शोधणे हाच शोधाचा सर्वांत कठीण आणि सर्वांत आनंदाचा टप्पा आहे.

पदक घरातलेच असेल, तर कागदांपासून सुरुवात करावी. डिस्चार्ज बुक, पेन्शनचा दाखला, पलटणीतून आलेली पत्रे यांत वडिलांचे नाव, गाव, तालुका, भरतीची तारीख सापडते. जुने घरगुती कागद मोडी लिपीत असले म्हणून बाजूला टाकू नयेत. कोल्हापुरात मोडी वाचणारे भेटतात आणि लिपी स्वतः शिकून घेणे काही महिन्यांचे काम आहे. पदकाबरोबर दुसरी पदके असतील तर ती वेगळी करू नयेत. पहिल्या महायुद्धाचे चांदीचे ब्रिटिश वॉर मेडल आणि व्हिक्टरी मेडल यांच्याही कडेवर नाव असते, आणि सर्व कडांवर क्रमांक एकच आला की ओळख पक्की होते. हुद्दा बदललेला दिसला तर त्या माणसाची बढतीही समजते. १९८० च्या सुमारास जगभर चांदीचा भाव भडकला तेव्हा अशी असंख्य वॉर मेडले वितळवली गेली, त्यामुळे एकत्र राहिलेला संच दुर्मीळ आहे.

पलटण मराठा लाइट इन्फंट्री असेल, तर पुढचा मुक्काम बेळगाव, कोल्हापूरहून सुमारे ११० किलोमीटरवर. रेजिमेंटचे केंद्र आणि तिचे अभिलेख कार्यालय तिथे आहे. प्रत्येक जवानाचा ‘शीट रोल’ (त्याच्या सेवेची नोंद) आणि पलटणीचे ‘लाँग रोल’ (जवानांची नोंदवही) हे शब्द अर्जात वापरावेत, कारण तिथल्या कारकुनाला तेच कळतात. अर्ज वारसाने केलेला असावा, त्यात कडेवरची ओळ अक्षरशः द्यावी, नाते सांगावे आणि कडेचे छायाचित्र जोडावे. स्वातंत्र्योत्तर पदकांसाठी हाच मार्ग मुख्य आहे, आणि तिथे वारसाऐवजी इतर कोणी जवानाची खाजगी माहिती मागू नये. कोणाकडे अर्ज करायचा याबाबत शंका असेल, तर कोल्हापूरच्या जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयात विचारावे. सॅपर्सच्या, म्हणजे लष्करी अभियंत्यांच्या, पदकासाठी पुण्याला खडकीकडे वळावे लागते.

कोल्हापूर संस्थानच्या राजाराम रायफल्समधल्या शिपायाचा माग घ्यायचा असेल, तर वाट वेगळी. ही संस्थानची फौज होती आणि नंतर मराठा लाइट इन्फंट्रीत विलीन झाली, म्हणून तिच्या जुन्या काळासाठी आधी कोल्हापूरच्या पुरालेखागारातील संस्थानी दप्तरे पाहावीत. ब्रिटिश हिंदी सैन्याचे कागद दिल्लीच्या राष्ट्रीय अभिलेखागारात आणि लंडनच्या ब्रिटिश लायब्ररीतील इंडिया ऑफिसच्या दप्तरात आहेत. दिल्लीच्या सूचीचा बराच भाग ‘अभिलेख पटल’ या संकेतस्थळावर घरबसल्या चाळता येतो. नाव टाकून शोधल्यास बहुधा काही मिळत नाही. पलटणीचे नाव आणि वर्ष टाकावे.

युद्धात मेलेल्यांची नावे राष्ट्रकुल युद्धसमाधी आयोगाच्या यादीत आहेत. सद्वर्तन पदक मिळवणारा माणूस बहुतेक वेळा जिवंत परतून पेन्शनीत आलेला असतो, म्हणून तो स्वतः तिथे सापडत नाही. पण त्या यादीत पुष्कळ हिंदी सैनिकांपुढे वडिलांचे नाव आणि गाव दिलेले असते, आणि एका पलटणीत एकाच पंचक्रोशीतले चुलत-मावस भाऊ भरती होत असत. त्या पलटणीतल्या मृतांची गावे नकाशावर मांडली, की कोणत्या तालुक्यात चौकशी करायची याचा अंदाज येतो.

मग प्रत्यक्ष जावे. शिरोळ तालुक्यातली सैनिक टाकळी किंवा करवीरमधले सैनिक गिरगाव यांसारख्या गावांत फौजेची परंपरा आजही जिवंत आहे. अनेक गावांत चावडीजवळ एक दगडी फलक असतो, या गावातून पहिल्या महायुद्धात किती माणसे गेली आणि किती कामी आली एवढाच मजकूर असलेला, नावांशिवाय. त्या फलकाखाली बसणाऱ्या म्हाताऱ्या माणसांना आधी आडनाव आणि वाडा विचारावा, पदक नंतर दाखवावे. आधी पदक दाखवले की प्रत्येक जण ते आपल्याच घराण्याचे म्हणतो. कोणी कुळी जोडून दाखवली, तरी वंशावळीतल्या पिढ्या आणि आपण काढलेला जन्मकाळ जुळतो का, हे ताडून पाहावे.

घेणे, न घेणे आणि जपणे

बाजारातून घेताना विक्रेत्याला ते कोणत्या गावातून आले हे विचारावे आणि उत्तर तारखेसह लिहून ठेवावे. हे नंतर कधीच कळत नाही. घरातून विकत घेण्याची वेळ आली आणि घर अडचणीत असेल, तर माझा स्वतःचा नियम असा आहे की पदक घेऊ नये. त्याची छायाचित्रे घ्यावीत, शोध करून तो कुटुंबाला लिहून द्यावा. शंभर वर्षांहून जुन्या ऐतिहासिक वस्तूंना १९७२ चा पुरावशेष व बहुमूल्य कलाकृती कायदा लागू होऊ शकतो. अशा वस्तू परवानगीशिवाय देशाबाहेर पाठवता येत नाहीत आणि त्यांच्या व्यापाराला परवाना लागतो, म्हणून परदेशी गिऱ्हाइकाच्या आमिषाला बळी पडू नये. दुसऱ्याचे पदक छातीवर लावून आपण सैनिक असल्याचा भास निर्माण करणे हाही गुन्हा आहे.

कोल्हापूरच्या पावसाळ्यातली दमट हवा हा पदकाचा खरा शत्रू आहे. मऊ प्लास्टिकच्या पाकिटात ठेवलेल्या चांदीवर चिकट हिरवट थर येतो, म्हणून आम्लविरहित कागदात गुंडाळून, सिलिका जेलच्या पुड्यांसह घट्ट झाकणाच्या डब्यात ठेवावे. पुड्या जूनच्या सुरुवातीला आणि गणपतीनंतर बदलाव्यात. हाताळताना कडेला बोट लावू नये, सुती हातमोजे घालावेत. जुनी फीत कितीही विरली असली तरी फेकू नये. वेगळ्या कागदात घालून पदकासोबत ठेवावी.

प्रत्येक पदकाचे एक टिपण असावे: कडेवरची ओळ अक्षरशः, व्यासाची चारही मापे, मुख व मागचा मजकूर, कोठून आले, काळाचे अनुमान आणि ते कसे काढले, कोणत्या कार्यालयात कधी अर्ज केला, काय उत्तर आले. जे सिद्ध झाले ते शाईने आणि जे अनुमान आहे ते पेन्सिलीने लिहावे. या टिपणाच्या तीन प्रती काढाव्यात: एक पदकाच्या डब्यात, एक आपल्याजवळ, आणि गाव सापडले असेल तर तिसरी त्या घराण्यातल्या वडीलधाऱ्या व्यक्तीच्या हातात, कडेच्या छायाचित्रांसह द्यावी.